शांती बसला आहे

१

बन्सीलाल पाटील मेला तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरून झाल्यावर. चढताना मेला असता तर तो आजारी माणूस ठरला असता आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण त्याला तपासलं होतं, औषध पाजलं होतं, पाठीवर थाप मारून बरा म्हणून परत पाठवलं होतं. अशा माणसाच्या मरणाला कारण शोधावं लागतं.

नंदुरबारचं हे धर्मार्थ रुग्णालय गावाबाहेर एका टेकाडावर होतं. ज्या शेठजींनी ते बांधलं त्यांची एकच अट होती, की आपलं नाव रेल्वे स्टेशनावरून वाचता आलं पाहिजे. नाव वाचता येत होतं. रोग्यांना मात्र सरळसोट पायऱ्या चढून वर यावं लागे, आणि जो चढू शके त्यालाच औषध मिळे. त्यामुळं दवाखान्यातली मरणं फार कमी होती आणि शेठजींना त्याचा अभिमान होता.

फौजदार दामोदर निगुडकर पोचले तेव्हा बन्सीलाल पायथ्याच्या निंबाखाली, बैलगाडीच्या चाकाला टेकून बसलेला होता. डोळे उघडे. अंगरखा घामानं चिंब, जणू तापीत बुडी मारून आला होता. उजव्या मुठीत एक इवलीशी बाटली होती, तिला लवंगेचा वास येत होता. तोंडात कापसाचा बोळा, आणि बोळ्याखाली नुकताच दात काढल्याची खाच.

त्याच्यापाशी त्याचा धाकटा भाऊ शांतीलाल पाण्याचा लोटा धरून उभा होता. लोटा भरलेलाच होता.

"सायेब," हवालदार भाईदास म्हणाला, "मानूस चांगला खटखटीत व्हता. आपला पायवर चालीसन वर गया, आपला पायवर खाले उना."

निगुडकरांनी वरच्या पायऱ्यांकडं पाहिलं. वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट वास वाऱ्याबरोबर येत होता. त्यांना पेन्शनीला थोडीच वर्षं उरली होती आणि अलीकडे कुठलीही पायरी त्यांना शत्रूसारखी वाटे. त्यात महिनाभर डाव्या बाजूचा खालचा दात छळत होता.

"डॉक्टर खाली येतील का?"

"ते म्हनतस, फौजदारलेच वर लई ये."

निगुडकर निघाले. अर्ध्यावर दात ठणकू लागला. त्यांनी जबडा दाबून धरला आणि मनातल्या मनात शेठजींच्या नावानं एक शिवी हासडली. नाव तिथून अगदी ठळक वाचता येत होतं.

२

डॉक्टर कानिटकर तरुण होते, पुण्याचे होते, आणि या दोन्ही गोष्टी ते कुणाला विसरू देत नसत. टेबलावर चिनीमातीची बशी, बशीत बिस्किट. कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीत दोन तोंडांचं बकरीचं करडू. हे रुग्णालयाचं संग्रहालय.

निगुडकर खुर्चीत टेकले. हळूहळू दाताची कळ ओसरली.

"त्याला काय झालं होतं, डॉक्टर?"

"काहीच नाही. मी नाडी पाहिली. जोरात होती, पण पायऱ्या चढून आल्यावर कुणाची नसते? विचारलं, कुठं दुखतंय? म्हणाला, दात दुखत होता, काल काढून टाकला. छातीत दुखतं का? तर दुखत नाही म्हणाला."

"मग तो इथं कशाला आला?"

डॉक्टरांनी बिस्किट बाजूला सारलं. "फौजदारसाहेब, तो आजारी नव्हता. घाबरला होता. स्वतःच्या तोंडानं म्हणाला. चालायला लागलं की मला भीती वाटते, असं. मी ब्रोमाइडचा एक डोस दिला आणि म्हटलं, यावर औषध पोलिसात मिळतं."

"भीती कुणाची?"

कानिटकर उठून खिडकीपाशी गेले. खाली निंबाखाली तो लोटेवाला अजून तसाच उभा होता.

"तेही सांगितलं त्यानं," डॉक्टर म्हणाले. "शांतीची."

३

मरणाऱ्या माणसाचा जबाब म्हणजे पोलीस खात्यात सोनं. धुळ्याला तार गेली आणि तिथल्या पोलीस साहेबांची उलट तार आली: शांतीलालला अटक करा, मंगळवारच्या गाडीनं इकडं आणा, खटला मी स्वतः उभा करतो. साहेबांची बढती अडली होती. फाशीच्या एका खटल्यानं ती सुटेल असा खात्यात सगळ्यांचाच अंदाज होता.

विष त्या बाटलीतून गेलं असणार असं सगळ्यांनी धरलं, आणि हेतूही हाताशी होता. तापीकाठच्या सावरखेड्याला दोघा भावांची केळी आणि ऊस, मध्ये एकच विहीर. मोट आधी कुणी जुंपायची यावरून दोघांत वर्षभर बोलणं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी शांतीलाल साऱ्या गावादेखत थोरल्याला म्हणाला होता, "तू मरशी तधळच मन्हा ऊसले पानी भेटई." हे वाक्य आता सारं गाव तोंडपाठ म्हणत होतं.

निगुडकर कोठडीच्या गजांपाशी स्टूल घेऊन बसले.

"बोलणं नव्हतं, मग गाडी तूच कशी हाकलीस?"

"मंग कोन हाकलई? वहिनी? भाऊले रातभर झोप नव्हती." शांतीलालनं तोंडावरून हात फिरवला. दाढी वाढली होती. "बोलनं नव्हतं म्हनून काय तो मन्हा भाऊ नव्हता?"

"वाटेत काय बोलला तो?"

"काहीच नही. मी बी नही बोलनू. गाडीमा दोन्ही मुका." तो जरा थांबला. "खाले उतरना तधळ इतलंच म्हने, नान्या, पानी पाज. मी लोटा भरीसन उनू, तवलोंग..."

"नान्या कोण?"

"मीच ना, सायेब. अजून कोन व्हतं तठे?"

निगुडकरांनी मान हलवली. त्यांना दुपारची झोप हवी होती. गुन्हेगार रडतात, निरपराधही रडतात, आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना दोन्ही रडण्यांतला फरक कुणी शिकवला नव्हता. हा मात्र रडत नव्हता. भरलेला लोटा कुठं ठेवावा हे न कळलेल्या माणसासारखा नुसता बसला होता.

"माले फाशी व्हई का?" त्यानं विचारलं. "वहिनीले पोरसोर कोनी नही. दोन्ही घरनी मोट कोन हाकलई?"

निगुडकर उठले.

"सायेब," भाईदास दारात आला, "ती बाटली सत्तार दातवालानी शे. तो दुकान बंद करीसन रनाळाकडे निंघना शे."

४

सत्तारला रनाळ्याच्या रस्त्यावरून परत आणला. त्याचं दुकान म्हणजे मशिदीलगतच्या भिंतीला टेकवलेली एक खुर्ची, एक चिमट्यांची पेटी, आणि वर दोरीत ओवलेली दातांची भलीमोठी माळ. ही माळ त्याची सनद. प्रत्येक गिऱ्हाइकाचा दात तिच्यात जाई.

"पळत कुठं होतास?"

"भागा कहाँ, फौजदारसाब? रनाले में बेटी है. नईमा. उसका दाँत दुखता."

"बन्सीलालचा दात तू काढलास?"

"निकाला." सत्तारनं पेटीचं झाकण उगाच उघडून मिटलं. "सडेला था. पूरा सडेला. काला, पोला. हात लगाया, निकल गया."

"आणि बाटलीत काय होतं?"

"लौंग का तेल. खुद पी के दिखाऊँ?" आणि त्यानं खरंच दुसरी एक बाटली उघडून जिभेवर चार थेंब टाकले. डोळ्यांतून पाणी आलं, पण मेला नाही.

निगुडकरांचा हात आपोआप जबड्याकडं गेला. पेठेतून चालत आल्यानं दात पुन्हा चेकाळला होता. एवीतेवी आलोच आहोत, असा विचार करून ते त्या खुर्चीत बसले. खुनाचा संशयित आणि दाताचा वैद्य एकच असला तर वेळ वाचतो.

"हा बघ. खालचा, डावा."

सत्तारनं चिमट्याच्या बुडानं दातावर टकटक केली. मग शेजारच्यावर. मग पुन्हा त्याच्यावर. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. चिमटा त्यानं पेटीत ठेवला आणि पेटीला कडी घातली.

"अभी रहने दो, साब."

"का रे? सडलाय का?"

"रहने दो बोला ना." सत्तार त्यांच्या नजरेला नजर देईना. "अल्ला के वास्ते, ये दाँत मेरे हाथ से नको."

५

रविवारी संध्याकाळी मामलेदारांच्या अंगणात चहा होता. डॉक्टर कानिटकर रंगात आले होते. इथल्या बोलीची नक्कल करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती समजण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

"निगुडकर, तुमचा तो बन्सीलाल कसा बोलला, ऐकवू?" त्यांनी खांदे पाडले, छातीवर पंजा ठेवला, आवाज घोगरा केला. "चालनू का गभरामण. बसनू का शांती."

मामलेदार हसले. मामलेदारांचं कुटुंबही पडद्याआड हसलं.

"म्हणजे?" निगुडकरांनी विचारलं. तेही देशावरचे. तीन वर्षं खानदेशात काढून त्यांना अहिराणीतल्या शिव्या तेवढ्या नीट कळत.

"सोपं आहे. चालनू का, म्हणजे चालताना. गभरामण, घाबरणं. बसनू का शांती, म्हणजे शांती बसला आहे. दबा धरून. वाटेत. बिचारा दोनदा म्हणाला."

"छातीवर हात ठेवून?"

"हो. शपथ घेतल्यासारखा. खेडवळ लोकांना असं नाटकी बोलण्याची सवय असते."

सगळे पुन्हा हसले. निगुडकर हसले नाहीत. त्यांना कसलीतरी चुकचुक लागली होती, बुटात खडा असावा तशी, आणि तो काढण्यासाठी वाकायचा कंटाळा आला होता. मंगळवारला मध्ये एक दिवस होता. खटला तयार होता, साहेब खूष होते, आपण स्वस्थ बसलो तर कुणी विचारणार नव्हतं.

पण शांतीलाल गाडी हाकत होता. गाडी हाकणारा माणूस त्याच वाटेवर दबा धरून कसा बसेल?

"भाईदास," ते अंगणाबाहेर येत म्हणाले, "उद्या सकाळी सावरखेड्याला जायचंय."

६

नावेतून उतरलं की सावरखेड्याची दरड लागते. उभी, भुसभुशीत, पाय मागं सरकवणारी. बायका डोक्यावर हंडे घेऊन ती चढतात. निगुडकर काठी टेकत चढले आणि मध्यावर त्यांना वाटलं, कुणीतरी पाठीमागून येऊन छातीला मोटेचा सोल, तो जाड दोर, आवळतोय. दात ठणकत होता. डाव्या हाताला मुंग्या आल्या. कपाळावरून घाम निथळला, आणि तो उन्हाचा घाम नव्हता, थंडगार होता.

बन्सीलालचं घर दरडीच्या डोक्यावरच होतं. ओसरीत त्याची बायको सरलाबाई पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या. फौजदार बघून त्या उठल्या, आणि निगुडकरांचा चेहरा बघून त्यांनी पदर सावरायच्या आधी बाज पुढं ओढली.

"दादा, बसा आठे. बोलू नका. जरासं बसनात का शांती व्हई."

निगुडकर बसले. धाप लागली होती तरी फौजदारकी सुटेना. "शांती? तो कसा येईल, बाई? तो कोठडीत आहे."

सरलाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ऊन डोक्याला लागलंय की काय. "मन्हा देर कोठडीमा शे, ते माले ठाऊक शे. मी तुमना जीवनं म्हनी ऱ्हायनू. शांती. आराम."

निगुडकरांनी काठी बाजूला ठेवली. छातीवरचा सोल एकेक पीळ सैल होत होता. दात थंड पडत होता.

"व्हयनी का?" सरलाबाईंनी विचारलं.

"झाली," निगुडकर म्हणाले. आणि मग फार सावकाश, "बाई, तुमच्या घरात दिराला शांती कोण म्हणतं?"

"कोनीच नही. तो नान्या. शांतीलाल फक्त सातबारावर."

"आणि यजमान?"

"ते बी नान्याच म्हनेत. भांडनमा बी नान्या. 'नान्या, तुन्हा मोटना दोर कापी टाकसू.'" बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

"गभरामण म्हणजे काय हो?"

"आत्ते तुमले व्हयनी ना, तीच."

"मी घाबरलो नव्हतो." पोलीस खात्याचा मान राखणं प्राप्त होतं.

"घाबराना काय संबंध, दादा? भीती येगळी. आमना गुजर लोकसमा गभरामण म्हनतस. आठे..." त्यांनी छातीच्या मध्यावर मूठ ठेवली. "आठे दगड ठेवेलगत व्हस. जीव घुसमटस, घाम सुटस. त्यास्ले दोन महिनापाईन व्हये. दरड चढनात का गभरामण, जबडामा कळ. ओटावर बसनात का शांती. म्हनेत, दात वाईट शे, दातनं इख छातीमा उतरस. म्हनून काढा दात. दुसरा दिन नान्या त्यास्ले तुमना दवाखानामा लई गया."

निगुडकर बाजेवर बसून राहिले. खाली तापी संथ वाहत होती. चालनू का गभरामण, बसनू का शांती. चाललो की छाती घुसमटते, बसलो की आराम पडतो. इतक्या मोजक्या शब्दांत आपला रोग सांगणारा माणूस डॉक्टरांना आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हता. आणि डॉक्टरांनी त्याचा जबाब पोलिसात पाठवला होता.

यातलं आणखीही काही त्यांना कळलं होतं. ते कळणं त्यांनी तूर्त बाजूला ठेवलं.

"दादा," सरलाबाई म्हणाल्या, "तुमी आज चालू नका. आठेच ऱ्हावा."

"उद्या गाडी आहे, बाई. ती नान्याला घेऊन जाईल."

त्यांनी भाईदासला हाक मारली आणि दरडीकडं न बघता उतरायला लागले. उतरताना काही होत नाही, हेही त्यांच्या ध्यानात येऊन चुकलं होतं. बन्सीलाल उतरून मेला ही गोष्ट मात्र त्यांनी त्याच वेळी आठवायला नको होती.

७

सत्तार खुर्चीत स्वतःच झोपला होता. निगुडकरांनी त्याला उठवलं नाही. ते माळ बघत उभे राहिले. किडके, काळे, पिवळे, अर्धे, भोकाचे. आणि मध्यावर, सगळ्यांना दिसेल असा, एक दात मोत्यासारखा. मुळासकट अखंड. कुठं डाग नाही.

"हा कुणाचा?"

सत्तार दचकून जागा झाला. माळेकडं पाहिलं, फौजदारांकडं पाहिलं, आणि मग माणूस हार मानतो तसे त्याचे खांदे पडले.

"इतना सुंदर दाँत था, साब. कैसे फेंकता?"

"सडेला होता म्हणालास."

"झूठ बोला. पक्का दाँत था, लोहे का. मैं बोला, पाटील, इसमें कुछ नहीं. वो बोला, निकाल. दूसरे दिन मर गया. अच्छा दाँत निकाला ये बात पेठ में फैली तो कौन बैठेगा इस खुर्ची में?" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आणि तुमचा दात, साब. तो बी वैसाच आहे. पक्का. ठोका, तर बन्सीलालचाच आवाज आला. मेरी तो जान गयी."

"ती माझीही जायच्या बेतात आहे," निगुडकर म्हणाले. "तो दात उतरव. मला दे."

८

सोमवारची दुपार उतरत होती. निगुडकर टेकाडाच्या पायथ्याशी, त्याच निंबाखाली उभे होते. खिशात दात होता.

"सायेब, मी वर जाईसन डॉक्टरले खाले लई येस," भाईदास म्हणाला. त्यानं नावेत फौजदारांचा चेहरा पाहिला होता.

"ते आले होते का त्या दिवशी? मेलेल्यासाठी आले नाहीत, फौजदारासाठी येतील? आणि मला जे बघायचंय ते वर बरणीत आहे."

ते चढले. दोन पायऱ्या, मग बसणं. शांती. पुन्हा दोन. वरून उतरणारे रोगी त्यांना वळसा घालून जात होते आणि फौजदार पायरीवर का बसलेत, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. शेवटच्या टप्प्यावर बसूनही शांती पूर्ण झाली नाही. थोडी कळ शिल्लक राहिली. तिला घेऊनच ते आत गेले.

बरण्या दोन झाल्या होत्या. करडाशेजारी नवी.

"ते काय?" निगुडकरांनी खुर्चीत बसत विचारलं.

"बन्सीलालचं हृदय. पोटातलं सगळं मुंबईला रासायनिक तपासणीला गेलं. हे त्यांनी मागितलं नव्हतं. संग्रहालयाला बरं, म्हणून ठेवलं."

"कापून पाहिलंत?"

"विषाच्या केसमध्ये हृदय कापायचं कारण? वरून नॉर्मल होतं."

निगुडकरांनी दात टेबलावर ठेवला. बिस्किटाच्या बशीशेजारी तो फार पांढरा दिसला.

"डॉक्टर, हा दात निरोगी आहे. तरी तो दुखायचा. पण कधी? चालताना, चढताना. बसलं की थांबायचा. चालण्यानं दुखणारा दात तुमच्या पुस्तकात आहे का?"

कानिटकरांनी दात उचलून उजेडात धरला.

"गभरामण म्हणजे भीती नाही. छातीत घुसमट. गुजर लोक असंच म्हणतात. त्याला दुखतं का विचारलंत, तो नाही म्हणाला, कारण ते दुखणं नसतं. दगड असतो. आणि शांती म्हणजे आराम. भावाला तो जन्मभर नान्या म्हणत आला, मरतानाही नान्याच म्हणाला. त्यानं तुम्हाला खुनी सांगितला नाही. रोग सांगितला. छातीवर हात ठेवून. तो शपथ घेत नव्हता, जागा दाखवत होता."

कानिटकरांच्या ओठांनी ते वाक्य आवाज न करता एकदा म्हटलं. या खेपेला त्यांनी नक्कल केली नाही.

"माझा अभिप्राय धुळ्याला गेलाय," ते म्हणाले.

"अभिप्राय टपालानं गेलाय. माणूस उद्याच्या गाडीनं जाणार. मध्ये तार मावते. कापा."

डॉक्टरांनी बरणी उघडली. सुरी चालली, आणि एका जागी करकरली, चुन्याच्या भिंतीवरून ओढल्यासारखी. ते वाकले. भिंग घेतलं.

"डावीकडची मुख्य रक्तवाहिनी," कानिटकर म्हणाले. आवाजातलं पुणं नाहीसं झालं होतं. "आत चुना साचलाय. आणि इथं रक्ताची गुठळी. ताजी. विष नाही, फौजदारसाहेब. याचं हृदय बंद पडलं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्याला मी झोपवून ठेवायला हवं होतं. हलू द्यायला नको होतं. मी त्याला पायऱ्या उतरायला लावलं."

"आता तार लिहा."

डॉक्टरांनी लिहिली. भाईदास ती घेऊन धावत खाली गेला, आणि धावत जाता येणाऱ्या माणसाकडं निगुडकर जरा वेळ बघत राहिले. नान्या उद्या गाडीत बसणार नव्हता. मोट हाकणार होता. साहेबांची बढती आणखी थोडी अडणार होती. त्याला इलाज नव्हता.

"पण एक सांगा," कानिटकर म्हणाले. "दात, चढ, दगड. हे सगळं त्याच्या बायकोनं सांगितलं?"

"थोडं त्यांनी."

"बाकीचं?"

निगुडकरांचा तळवा छातीच्या मध्यावर होता. कधी गेला, त्यांनाही कळलं नव्हतं.

डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी नाडी धरली, कपाळाला हात लावला, तो ओला झाला. आणि पुण्याचा तो तरुण माणूस पहिल्यांदाच धावला. कपाटाला कुलूप होतं. किल्ली शेठजींकडं असे, कारण आतली औषधं शेठजींसाठी राखीव होती. डॉक्टरांनी कोपरानं काच फोडली. एक नाजूक काचेची कुपी रुमालात चिरडून त्यांनी रुमाल निगुडकरांच्या नाकाशी धरला. कुजक्या फळासारखा वास भपकन आला, चेहरा तापला, आणि छातीवरचा सोल सैल पडू लागला. दंडात मॉर्फियाची सुई गेली. दोन माणसांनी त्यांना उचलून पलंगावर ठेवलं.

"उठायचं नाही," कानिटकर म्हणाले. "कूससुद्धा मी सांगेन तेव्हा बदलायची. सहा आठवडे. पायऱ्या तर विसराच."

"मग खाली कसा जाणार?"

"पालखीतून नेऊ. शेठजींना सांगतो, त्यांच्या नावाला शोभेल." डॉक्टरांच्या कोपरातून रक्त येत होतं, त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते स्टूल ओढून पलंगाजवळ बसले. नाडीवरचा हात त्यांनी सोडला नव्हता. "आता कसं वाटतंय? तुमच्या शब्दांत सांगा. मी ऐकतोय."

निगुडकरांनी डोळे मिटले. तीस वर्षांचा थकवा अंगातून उतरून गादीत मुरत होता. पुणेरी, सरकारी, छापील असे पुष्कळ शब्द त्यांना येत होते. त्यातला एकही इथं लागू पडेना.

"शांती," ते म्हणाले.

आणि डॉक्टरांनी, कोण शांती, असं विचारलं नाही.